जुन्या पिकअप गाडीचे पॉवर स्टिअरिंग : बिघाड कसा ओळखावा?



शेतमाल वेळेवर व सुस्थितीत बाजारात पोहोचला तरच त्याला भाव मिळतो. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या, भाजीपाला, दुधाचे कॅन, खताची पोती अशी सर्व वाहतूक आज गावोगावी पिकअप गाडीने होते. टाटा २०७, बोलेरो पिकअप यांसारख्या गाड्या अनेक बागायतदारांनी वापरलेल्या स्थितीत खरेदी केलेल्या आहेत. अशा दहा-बारा वर्षे चाललेल्या गाडीच्या इंजिनाकडे आणि टायरकडे मालकाचे लक्ष असते. स्टिअरिंगकडे मात्र ते जड होईपर्यंत किंवा आवाज करू लागेपर्यंत सहसा कोणी पाहत नाही.

स्टिअरिंग जड झाले की ‘पंप गेला’ असा निष्कर्ष ताबडतोब काढला जातो. पंप हा महाग भाग आहे. तो बदलल्यावरही दोष तसाच राहिला, तर पैसे वाया जातात आणि ऐन तोडणीच्या हंगामात गाडी गॅरेजमध्ये अडकून पडते. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा टायरच्या हवेत, सैल पट्ट्यात, नळीच्या एखाद्या क्लिपमध्ये किंवा ग्रीस न मिळालेल्या सांध्यात असतो. म्हणून सोप्या व बिनखर्चाच्या तपासणीपासून सुरुवात करावी आणि एकेक कारण बाद करत महाग भागाकडे जावे. हा क्रम कसा ठेवावा, याची माहिती या लेखात दिली आहे. यातील बहुतेक तपासण्या शेतकऱ्यास घरच्या घरी करता येतात.

पॉवर स्टिअरिंगची रचना व कार्य

इंजिनाच्या शक्तीवर तेलाचा दाब निर्माण करून स्टिअरिंगला मदत देण्याची पद्धत जुनी आहे. विक्रीसाठी तयार केलेल्या मोटारींमध्ये ती प्रथम अमेरिकेत १९५१ साली क्रायस्लर कंपनीच्या इम्पीरियल गाडीत आली. तेव्हापासून तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगचे मूळ तत्त्व बदललेले नाही. त्यामुळे गाडी कोणत्याही कंपनीची असली तरी तपासणीचा क्रम बहुतांशी सारखाच राहतो. या पद्धतीत पुढील भाग असतात.

१) तेलाची टाकी : इंजिनाजवळ असलेली लहान डबी. काही गाड्यांत तिच्या आत जाळी असते.

२) पंप : इंजिनावरील पट्ट्याने फिरतो. काही डिझेल इंजिनांत तो पट्ट्याऐवजी गिअरवर चालतो.

३) नळ्या : टाकीतून पंपाकडे तेल नेणारी ओढीची नळी, पंपातून स्टिअरिंग बॉक्सकडे जाणारी दाबाची नळी आणि बॉक्समधून टाकीत परत येणारी नळी.

४) स्टिअरिंग बॉक्स किंवा रॅक : यात झडप व दट्ट्या असतो. आपण स्टिअरिंग फिरविले की झडप उघडते आणि दाबाचे तेल दट्ट्याच्या त्या बाजूस जाऊन चाके वळविण्यास मदत करते.

५) सांधे : बॉक्सपासून पुढच्या चाकांपर्यंतच्या दांड्या, टाय रॉड एंड व बॉल जॉइंट.

हलक्या मालवाहू गाड्यांत पंपाचा कमाल दाब सर्वसाधारणपणे ७० ते १०० बार इतका असतो. ठिबक संचाच्या नळीत सुमारे १ बार दाब असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या नळीत किती दाब असतो याची कल्पना येईल. हा दाब फक्त स्टिअरिंग फिरविताना वाढतो. गाडी सरळ चालताना तेल कमी दाबाने नुसते फिरत राहते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पंप बंद पडला तरी स्टिअरिंग व चाके यांचा लोखंडी संबंध कायम असतो. म्हणजे गाडी वळविता येते, परंतु त्यासाठी फार जोर लागतो.

तपासणीपूर्वी घ्यावयाची काळजी

अ) गाडी सपाट व टणक जागी उभी करावी. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना पुढून व मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत.

आ) पुढची चाके उचलल्यास केवळ जॅकच्या भरवशावर राहू नये. चासीखाली मजबूत लोखंडी स्टँड द्यावेत आणि मगच खाली जावे.

इ) इंजिन चालू असताना पट्टा व पंखा यांजवळ हात, उपरण्याचे टोक किंवा सैल बाही नेऊ नये.

ई) दाबाच्या नळीतील बारीक गळती बोटाने चाचपून शोधू नये. अतिदाबाचे तेल सुईसारखे कातडीत शिरते. बाहेरून जखम टाचणीएवढी दिसली आणि दुखत नसले तरी आतील इजा गंभीर असू शकते. असे झाल्यास वेळ न दवडता रुग्णालयात जावे. गळती शोधण्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा.

तपासणीचा क्रम

१. टायर व भार : प्रथम पुढच्या दोन्ही टायरमधील हवा, टायर थंड असताना, मोजावी. ती गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे किंवा दरवाजाजवळील पट्टीवर दिल्याप्रमाणे असावी. हवा कमी असल्यास स्टिअरिंग जड होते. दोन टायरमधील हवेत फरक असल्यास गाडी एका बाजूस ओढते. मूळ मापापेक्षा रुंद टायर बसविले असल्यासही वळविण्यास जोर जास्त लागतो. उलट मागे प्रमाणाबाहेर माल भरल्यास गाडीचे पुढचे तोंड हलके होते. मग स्टिअरिंग हलके लागते आणि गाडी रस्त्यावर भरकटते. हा दोष पॉवर स्टिअरिंगचा नसून भाराचा आहे.

२. तेलाची पातळी : टाकीचे झाकण उघडण्यापूर्वी ते स्वच्छ पुसावे, कारण वाळूचा एक कणही पंपास अपायकारक ठरतो. काही गाड्यांत तेल गरम व थंड असतानाच्या खुणा वेगवेगळ्या असतात, तिकडे लक्ष द्यावे. हे तेल इंजिनाच्या तेलाप्रमाणे जळून कमी होत नाही. पातळी घटली याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. म्हणून नुसते तेल ओतून समाधान मानू नये. गळती शोधावी.

३. तेलाचा रंग व वास : थोडे तेल पांढऱ्या कागदावर घेऊन पाहावे. अनेक गाड्यांत वापरले जाणारे तेल ताजे असताना लाल व पारदर्शक असते. ते तपकिरी-काळे झाले असून जळका वास येत असल्यास तेल तापून खराब झाले आहे, असे समजावे. त्यात चकाकणारे धातूचे कण दिसल्यास पंप किंवा बॉक्स आतून झिजत आहे. तेल फेसाळ किंवा दुधट दिसल्यास त्यात हवा अथवा पाणी शिरले आहे.

४. पट्टा : इंजिन बंद करून पट्ट्याच्या दोन पुलींमधील सर्वांत लांब भागावर मध्यभागी अंगठ्याने सुमारे १० किलोचा जोर द्यावा. व्ही पट्टा साधारणपणे १० ते १२ मि.मी. दबावा. तो जास्त दबत असल्यास सैल आहे. पट्ट्याच्या कडा काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील, त्यास चिरा गेल्या असतील किंवा तो तेलाने भिजला असेल तर बदलावा. तेलाने भिजलेला असल्यास आधी गळती बंद करावी, अन्यथा नवा पट्टाही घसरेल. मळणी यंत्राच्या चपट्या पट्ट्याला राळ लावण्याची पद्धत आहे, परंतु ती येथे वापरू नये. ज्या गाडीत अनेक बारीक खाचांचा एकच लांब पट्टा असतो, तेथे ताण देणारी स्प्रिंगची पुली तपासावी.

५. नळ्या व गळती : सर्व सांधे चिंध्यांनी स्वच्छ पुसावेत. गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरावे. इंजिन मंद गतीवर चालू ठेवून सहायकास स्टिअरिंग दोन्ही बाजूंस काही वेळा फिरविण्यास सांगावे. इंजिन बंद केल्यावर कोठे तेल आले ते पाहावे. नळीचे दाबलेले टोक, पंपाच्या दांड्याचे सील, बॉक्सच्या वरच्या व खालच्या दांड्याची सील या नेहमीच्या जागा होत. रॅक असलेल्या गाडीत दोन्ही टोकांच्या रबरी घड्या दाबून पाहाव्यात. आत तेल साठलेले असल्यास रॅकचे सील गेले आहे.

ओढीच्या नळीकडे विशेष लक्ष द्यावे. विहिरीवरील पंपाच्या सक्शन पाईपचा जोड सैल असला, तर बाहेर पाण्याचा थेंबही दिसत नाही. पण पंप हवा ओढतो आणि पाणी धरत नाही. येथेही तसेच घडते. टाकीपासून पंपाकडे येणारी नळी कडक होऊन चिरली असेल किंवा तिची क्लिप ढिली असेल, तर पंप हवा ओढतो, तेलाला फेस येतो व पंप घरघर करतो. अशा वेळी पंप बदलण्याऐवजी नळी व क्लिप बदलल्याने काम भागते.

६. तेलातील हवा : इंजिन चालू असताना टाकीतील तेलाची पातळी पाहावी व इंजिन बंद केल्यावर पुन्हा पाहावी. बंद केल्यानंतर पातळी ५ मि.मी. पेक्षा जास्त वर चढल्यास तेलात हवा अडकलेली आहे. ती काढण्याची पद्धत पुढे दिली आहे.

७. सांधे व ढिलाई : इंजिन चालू ठेवून पुढची चाके सरळ करावीत. स्टिअरिंग बोटांनी हळूहळू डावी-उजवीकडे हलवावे आणि पुढचे चाक हलेपर्यंत ते कडेवर किती सरकते हे मोजपट्टीने मोजावे. ही ढिलाई सर्वसाधारणपणे ३० मि.मी. पेक्षा अधिक नसावी. आपल्या गाडीची मर्यादा पुस्तिकेत पाहावी. ढिलाई जास्त असल्यास सहायकास स्टिअरिंग हलवीत ठेवण्यास सांगून, गाडी जमिनीवर उभी असतानाच, प्रत्येक सांध्यावर बारकाईने नजर ठेवावी. जेथे एक भाग हलतो व त्यास जोडलेला दुसरा भाग उशिरा हलतो तेथे झीज आहे.

त्यानंतर पुढची चाके उचलावीत. चाक डाव्या-उजव्या कडांना धरून हलविल्यास टाय रॉड एंडची ढिलाई कळते. वर-खाली धरून हलविल्यास चाकाचे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट यांची ढिलाई कळते. बॉक्सचे बोल्ट सैल आहेत काय आणि त्याजवळ चासीला चीर गेली आहे काय, हेही पाहावे. शेतरस्त्यावर भरलेली गाडी चालविणाऱ्यांनी ही तपासणी टाळू नये.

जडपणा तेलाचा की सांध्याचा?

वरील तपासणीत काही आढळले नाही आणि स्टिअरिंग तरीही जड असेल, तर पुढील सोपी चाचणी घ्यावी.

पुढची दोन्ही चाके जमिनीपासून उचलून स्टँडवर घ्यावीत. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवावे. ते एकसारखे व बऱ्यापैकी सहज फिरले तर सांधे मोकळे आहेत. मग दोष टायर किंवा तेलाच्या दाबाकडे शोधावा. चाके उचललेली असूनही ते अडखळत किंवा जड फिरत असेल, तर दोष पंपाचा नाही. कोठेतरी लोखंडी भाग घट्ट झालेला आहे. एका फेऱ्यात जड, हलके, पुन्हा जड असे लागत असल्यास स्टिअरिंगच्या दांड्यावरील सांधा, ज्यास युनिव्हर्सल जॉइंट म्हणतात, तो चिखल-पाण्याने गंजलेला असण्याची शक्यता जास्त असते. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नसेल, तर बॉल जॉइंट कोरडे पडले असावेत. ग्रीस निपल असलेल्या सांध्यांना ग्रीस देऊन फरक पाहावा.

दुसरी चाचणी ताणकाट्याची. शेतमाल तोलण्याचा साधा स्प्रिंगचा काटा बहुतेकांकडे असतो. गाडी गुळगुळीत फरशीवर उभी करून इंजिन मंद गतीवर ठेवावे. काट्याचा आकडा स्टिअरिंगच्या कडेला अडकवून कडेच्या दिशेने ओढावे आणि ते फिरत असताना किती किलो दाखवितो ते लिहून ठेवावे. डावीकडे व उजवीकडे असे दोन्ही आकडे घ्यावेत. दोहोंत मोठा फरक असल्यास, टायर व सांधे ठीक असतील तर, दोष बहुधा बॉक्समधील झडप किंवा सील यांत असतो. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजल्यास काम खरोखर झाले की नाही, हेही समजते.

पंप की बॉक्स? प्रेशर गेजची चाचणी

खर्चिक भाग बदलण्यापूर्वी ही चाचणी करून घेण्याचा आग्रह धरावा. ती माहितगार मेकॅनिककडूनच करून घ्यावी. पंप व दाबाची नळी यांच्यामध्ये दाबमापक आणि एक व्हॉल्व्ह बसविला जातो. तेल गरम झाल्यावर व्हॉल्व्ह क्षणभर बंद करून पंपाचा कमाल दाब वाचतात. व्हॉल्व्ह ५ सेकंदांपेक्षा जास्त वेळ बंद ठेवू नये, कारण पंप खराब होतो.

व्हॉल्व्ह बंद असताना दाब कंपनीने दिलेल्या आकड्यापेक्षा कमी आला, तर पंप किंवा त्यातील दाब नियंत्रण झडप सदोष आहे. व्हॉल्व्ह बंद असताना दाब पुरेसा येतो, पण व्हॉल्व्ह उघडा ठेवून स्टिअरिंग शेवटपर्यंत वळविल्यास तेवढा दाब येत नाही, असे आढळल्यास पंप चांगला आहे व तेल बॉक्सच्या आत गळत आहे. दोन्ही वेळा दाब बरोबर असूनही स्टिअरिंग जड असेल, तर दोष सांध्यांत किंवा टायरमध्ये आहे. चाचणी थोड्या वेळात होते आणि चुकीचा भाग बदलण्याचा मोठा खर्च वाचविते.

लक्षणांवरून निदान

१) इंजिन सुरू करताच किंवा पूर्ण वळविताना किंचाळल्यासारखा आवाज
संभाव्य कारण : सैल, चकचकीत अथवा तेलकट पट्टा.
उपाय : पट्टा ताणावा किंवा बदलावा.

२) वळविताना पंपातून घरघर, टाकीत फेस
संभाव्य कारण : तेल कमी, ओढीच्या नळीतून हवा किंवा टाकीची जाळी तुंबलेली.
उपाय : पातळी, क्लिप व जाळी पाहावी, हवा काढावी.

३) उभ्या गाडीत जड, इंजिनाला रेस दिल्यावर हलके
संभाव्य कारण : इंजिनाची मंद गती कमी, पट्टा सैल किंवा पंप झिजलेला.
उपाय : गती व पट्टा प्रथम, नंतर प्रेशर गेज.

४) झटकन वळविताना क्षणभर अडकल्यासारखे होणे
संभाव्य कारण : तेल कमी, पट्टा घसरणे किंवा पंप झिजलेला.
उपाय : वरीलप्रमाणे.

५) एका बाजूस जड, दुसऱ्या बाजूस हलके
संभाव्य कारण : बॉक्समधील झडप किंवा सील.
उपाय : टायर तपासून ताणकाटा व प्रेशर गेज.

६) सरळ रस्त्यावर गाडी भरकटणे
संभाव्य कारण : सांध्यांची झीज, सैल बॉक्स, अलाइनमेंट बिघडणे किंवा मागे जादा भार.
उपाय : ढिलाई मोजावी, झिजलेले भाग बदलून मगच अलाइनमेंट करावी.

७) एका बाजूस ओढणे
संभाव्य कारण : हवेतील फरक, एका चाकाचा ब्रेक घासणे किंवा अलाइनमेंट.
उपाय : गाडी चालवून आल्यावर चाकाचे ड्रम किंवा डिस्क जास्त तापते काय हे दुरूनच हात धरून पाहावे.

८) पूर्ण वळविलेल्या स्थितीत हलकासा फुसफुस आवाज
संभाव्य कारण : जादा दाब सोडणारी झडप उघडते. हा दोष नाही.
उपाय : स्टिअरिंग टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नये, तेल तापते.

तेलातील हवा काढण्याची पद्धत

पुढची चाके उचलून स्टँडवर घ्यावीत. टाकीत योग्य तेल खुणेपर्यंत भरावे. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १५ ते २० वेळा सावकाश फिरवावे. मधूनमधून पातळी पाहून तेल घालावे व टाकी रिकामी होऊ देऊ नये. नंतर इंजिन मंद गतीवर सुरू करून पुन्हा सावकाश फिरवावे. रेस देऊ नये, त्यामुळे हवा तेलात मिसळून फेस होतो. बुडबुडे येणे थांबले व आवाज बंद झाला की चाके खाली घेऊन पातळी पुन्हा तपासावी. तेल फारच फेसाळले असल्यास गाडी काही तास उभी ठेवावी व पुन्हा सुरुवात करावी. दोन-तीन वेळा करूनही फेस येत राहिल्यास कोठून तरी हवा ओढली जात आहे, असे समजून ओढीच्या नळीकडे परत जावे.

योग्य तेलाची निवड

तेल कोणते घालावे हे टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत दिलेले असते. अनेक गाड्यांना एटीएफ डेक्सरॉन प्रकारचे तेल सांगितलेले आहे. परंतु सर्वच गाड्यांना तेच चालते असे नाही, म्हणून खात्री करूनच घ्यावे.

ब्रेक ऑइल या टाकीत कधीही घालू नये. त्यामुळे आतील रबरी सील फुगून निकामी होतात आणि पंप व बॉक्स दोन्ही हातचे जातात. चुकून घातले गेल्यास इंजिन सुरू न करता सर्व तेल काढून यंत्रणा धुऊन घ्यावी. इंजिन ऑइल किंवा ट्रॅक्टरसाठी आणलेले उरलेले तेलही ओतू नये. काढलेले खराब तेल बांधावर, नाल्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये. ते डब्यात साठवून जुने तेल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

ट्रॅक्टर असलेल्यांसाठी एक सूचना. अनेक ट्रॅक्टरांच्या पॉवर स्टिअरिंगमध्ये स्टिअरिंग व चाके यांच्यात लोखंडी दांडा नसतो, केवळ तेलाच्या नळ्या असतात. तेथे तपासणी वेगळी असते. या लेखातील सूचना जशाच्या तशा लागू करू नयेत. ज्या नव्या गाड्यांत तेलाऐवजी विजेच्या मोटारीने मदत मिळते, त्यांनाही हे लागू नाही.

या चुका टाळा

१) ढिलाई दिसली की बॉक्सवरील स्क्रू आवळून घेण्याची प्रथा चुकीची आहे. ढिलाई बहुधा सांध्यांत असते. स्क्रू जास्त आवळल्यास बॉक्सचे दाते झिजतात व वळणानंतर स्टिअरिंग सरळ येत नाही. वळणावर हे धोक्याचे ठरते.

२) गळती असलेल्या गाडीत रोज तेल ओतून दिवस काढू नयेत. पंपाला वंगण याच तेलाचे मिळते. तेल संपले की पंप कोरडा फिरून थोड्याच वेळात खराब होतो. शिवाय गळणारे तेल तापलेल्या सायलेन्सर पाईपवर पडल्यास आग लागण्याचा धोका असतो.

३) चिखलातून आल्यावर इंजिनाचा भाग पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुताना टाकीचे झाकण घट्ट आहे, याची खात्री करावी.

घाटात इंजिन बंद करू नका

डिझेल वाचविण्यासाठी घाट उतरताना इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय काही चालकांना आहे. ही सवय जीवघेणी आहे. इंजिन थांबताच पंप थांबतो आणि भरलेल्या गाडीचे स्टिअरिंग एकाएकी जड होते. ब्रेकला मदत करणारा बूस्टरही इंजिनावरच अवलंबून असल्याने एक-दोनदा पेडल दाबल्यावर ब्रेकही कठीण होतो. चावी मागे फिरविताना स्टिअरिंगचे कुलूप लागले, तर गाडी वळविताच येत नाही. कसारा किंवा माळशेज घाटातील वळणावर अशी वेळ आल्यास सावरण्यास अवधी मिळत नाही. वाचलेल्या पाव लिटर डिझेलची किंमत माणसाच्या जिवापुढे काहीच नाही. म्हणून घाटात इंजिन चालू व गाडी योग्य गिअरमध्येच ठेवावी. गाडी मुलगा किंवा पगारी चालक चालवीत असल्यास त्यालाही ही गोष्ट समजावून सांगावी.

रस्त्यात अचानक स्टिअरिंग जड झाल्यास घाबरून जाऊ नये. दोन्ही हातांनी घट्ट धरून वेग कमी करावा आणि गाडी रस्त्याच्या कडेला घ्यावी. नंतर बॉनेट उघडून पट्टा तुटला काय, तेल आहे काय, नळी फुटली काय, एवढे पाहावे. अनेक गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो. तो तुटला असल्यास गाडी पुढे नेऊ नये, इंजिन तापून बिघडेल.

देखभालीचे वेळापत्रक

दर आठवड्यास : टायरची हवा, तेलाची पातळी, गाडी उभी असलेल्या जागी तेलाचे डाग.

दर महिन्यास : पट्ट्याचा ताण, नळ्यांच्या क्लिप, स्टिअरिंगची ढिलाई.

पावसाळ्यापूर्वी व नंतर : सर्व सांध्यांना ग्रीस, रबरी आवरणे फाटली आहेत काय, बॉक्सचे बोल्ट, दांड्यावरील सांध्याचा गंज.

हंगाम सुरू होण्यापूर्वी : तेलाचा रंग व वास. खराब आढळल्यास तेल बदलावे. मुदत पुस्तिकेप्रमाणे ठेवावी.

गाडीत नेहमी योग्य तेलाची एक सीलबंद बाटली, दोन जादा क्लिप, एक पट्टा, हवा मोजण्याचे साधन आणि स्वच्छ चिंध्या ठेवाव्यात.

वापरलेली गाडी खरेदी करताना ढिलाई, गळती व चाके उचलून फिरविण्याची चाचणी सौदा ठरण्यापूर्वीच करावी. स्टिअरिंगची दुरुस्ती किती निघेल, हे त्यावरून कळते व किंमत ठरविताना त्याचा उपयोग होतो.

थोडक्यात सांगावयाचे तर आधी टायर, मग तेल, पट्टा, नळ्या व सांधे आणि सर्वांत शेवटी पंप व बॉक्स, हा क्रम सोडू नये. गॅरेजमध्ये गाडी नेताना ‘स्टिअरिंग जड आहे’ एवढेच न सांगता ते केव्हा जड होते, कोणत्या बाजूस, आवाज कसा येतो, तेल किती दिवसांत किती कमी होते आणि ताणकाट्याने किती किलो दाखविले, हे लिहून न्यावे. नेमकी माहिती मिळाल्यास मेकॅनिकला दोष लवकर सापडतो, अनावश्यक भाग बदलण्याचा खर्च टळतो आणि माल घेऊन गेलेली गाडी व चालक दोघेही सुखरूप घरी परततात.